टेकाड होतं ती जागा

९ मार्च, रविवार
मिलिंद जालन्याहून आला. घराचा नकाशा घेऊनच आला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ओटा, आणि घरातच संडास, कमोडचा. तो हिच्यासाठी, सुभद्रासाठी. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला उकिडवं बसता येत नाही. इथला संडास घरापासून चाळीस पावलं, वाट उतरती. मी धरून नेतो. पावसाळ्यात मागच्या साली दोघंही घसरलो होतो. पुन्हा पडली तर डॉक्टरनं काय सांगितलंय ते लिहीत नाही.
जागा शेतातली, रस्त्याच्या कडेचा कोपरा. मि. म्हणाला, "बाबा, रोडवर आहे, सपाट आहे, कापूस तिथंच सगळ्यात उंच येतो. याच्याहून चांगली जागा कोणती?"
मी बरं म्हणालो.

१० मार्च
बरं म्हणायला नको होतं. सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही. गोळी घेतली का नाही तेही आठवेना. दुसरी घेतली नाही, दोन झाल्या तर.
का नको ते लिहून ठेवतो.
त्या कोपऱ्यात टेकाड होतं. मुरमाचं. त्यावर कुसळसुद्धा धड येत नव्हतं. एका दुष्काळी साली रस्त्याचं काम निघालं. मुकादम म्हणाला, मुरूम द्या, तुमचं रान सपाट करून देतो. आई नको म्हणत होती. तिचं म्हणणं, "पिकाला वाईट ती जागा घराला चांगली. टेकाड ऱ्हाऊ दे." मी पंचविशीत. चौथीपर्यंत शाळा, म्हणजे घरातला सगळ्यात शहाणा मीच. मुरूम गेला. टेकाड गेलं, आणि त्याच्या खालीही दोन पुरुष खोल खड्डा पडला. मग तळ्याचा गाळ आणून भरला. पुढच्या साली कापूस छातीला लागला. लोक बघायला आले. मी मिरवलो.
मि. तेव्हा वर्षाचा होता. त्याला ती जागा सपाटच माहीत.

१३ मार्च, गुरुवार
दार पुन्हा सैल झालं. पावसाळ्यात हेच दार खांदा लावल्याशिवाय उघडत नाही, उन्हाळ्यात कडी कोयंड्यापर्यंत पोचत नाही. मधल्या भिंतीची भेग आज मोजली. चार बोटं आत जातात. आषाढात दोन जात होती. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं आवळते, घराला वर्षातून दोनदा हलवते. तिचा दोष नाही, तिचा स्वभावच तो.
गाव उंचावर, पांढरीत. आपल्या लोकांचा वाडा खाली, काळीत. आजोबाला कोणी विचारलं नव्हतं कुठं राहतो म्हणून. दिली तिथं भिंती घातल्या. ती आमची चूक नाही.
टेकाड मात्र आमचं होतं.

१६ मार्च
मि. ला फोन केला. म्हणालो, बांधायच्या आधी माती बघून घ्यावी का.
"मातीत काय बघायचं बाबा? माती आहे."
"तसं न्हाई, खाली काय हाय..."
"खाली पण मातीच असंल. मिस्त्री बघतो ना. तुम्ही टेन्शन घेऊ नका."
सांगायचं होतं ते राहिलं. सूनबाई मागून काहीतरी बोलत होती, त्याला घाई होती. पुढच्या फोनला.

१९ मार्च, बुधवार
सब्बल आणि फावडं घेऊन गेलो. कोपऱ्यात गुडघाभर खणलं आणि दम लागला. रानात भेगा पडल्यात. एका भेगेत कापसाची पऱ्हाटी खुपसली, दोन हात आत गेली, बुडाला लागली नाही.
तिथली मूठभर माती आणली. बांधाकडची मूठभर आणली, तिथं खाली पिवळा मुरूम लागतो. सुभद्राला म्हणालो, पाणी लावून वळ. तिनं शेवया वळाव्या तशी वळली. कोपऱ्यातली माती सुतळीइतकी बारीक झाली तरी तुटेना. बांधाकडची बोटात भुगा झाली.
"हिचे कुरडया-पापड घालायचे का?" ती म्हणाली.
मी हसलो नाही. तिनं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग हात धुतले.

२४ मार्च, सोमवार
मि. नं ठरवलेला मिस्त्री आला. गफूर मिस्त्री, जाफराबादचा. वयानं मि. एवढा. माणूस चांगला, पण कशालाच घाबरत नाही. अशा माणसाची मला भीती वाटते.
संडासाची टाकी कोपऱ्याला, तिच्यामागं शोषखड्डा, असं त्यानं पायानं रेघ मारून दाखवलं. मी म्हणालो, इथं पाणी जिरंल का?
"चाचा, जमीन का कामच हय पानी पीना."
म्हणालो, बघू तर. माझ्या गुडघाभर खड्ड्यात तीन घागरी ओतल्या. पाणी डोळ्यांदेखत गडप.
"देखे? अब फिकर नक्को करो," म्हणाला आणि फटफटीवर बसला.
मी हात धरून थांबवणार कसा. घरी आलो. माझंच चुकतंय असं वाटून बरं वाटलं. जेवलोही नीट.

२५ मार्च
बरं वाटलेलं टिकलं नाही. पाणी जिरलं कुठं? भेगांत. भेगा भरल्या, माती फुगली, की मग काय?
सकाळी पुन्हा तीन घागरी ओतल्या. काठीवर विळ्यानं खुणा केल्या, बोटाबोटाच्या. काठी खड्ड्यात उभी केली. दुपारी बघितलं, एक बोट उतरलं. सांजेला तेवढंच.

२६ मार्च
सकाळी दोन बोटं. पाणी तसंच उभं, वर चिलटं.
भेगा पहिलं पाणी पितात. मातीचं खरं दुसऱ्या पाण्याला कळतं. हे मिस्त्रीला सांगायचं.
आणि तो भराव. तो कोणाला सांगायचा.

२ एप्रिल, बुधवार
शेजारच्या गणपतरावांच्या रानात जेसीबी आला होता. त्यांचं रान आमच्या खालच्या अंगाला, मध्ये बांध. मिस्त्रीला म्हणालो, आलाच आहे तर एक खड्डा घेऊ. काठीची गोष्ट सांगितल्यावर तो थोडा नरमला होता. म्हणाला, "चाचा, तुम तो मिट्टी के डाक्टर हो गए. चलो, देखलेंगे."
कोपऱ्याच्या मध्यावर खड्डा घेतला. पाच फूट काळी. सात फूट काळी. आठाला बकेटमधून टायरची चप्पल आली, अर्धी. मग काथ्याचा तुकडा. मग घमेल्याचा लोखंडी काठ, गंजलेला.
मिस्त्रीनं जेसीबी थांबवला. खाली वाकून बघितलं. "ये असली जमीन नै हय. ये भराव हय. चाचा, कौन भरा इसको?"
मी म्हणालो, "असंल पूर्वीचं. मला काय म्हाईत."
बारा फुटांपर्यंत गेला, मुरूम लागला नाही.
एकाहत्तर वर्षांचा माणूस. स्वतःच्या रानात उभा राहून खोटं बोललो.

४ एप्रिल
मिस्त्रीनं मि. ला कळवलं. दोघांचं ठरलं. खाली मुरूम-वाळू दाबायची, वरून बीम फिरवायचा, मग काही होत नाही. मि. चा फोन, खुशीत. "बघा बाबा, तुम्ही म्हणले म्हणून खड्डा घेतला, बरंच झालं. आता बीम टाकून राह्यलो आपण."
म्हणजे सुटलो. काहीच सांगायची गरज नाही.
पण बीम टाकणाऱ्याला वाटतं की सगळीकडं भराव आहे. तसं नाही. टेकाडाच्या एका बाजूला जमिनीखाली खणलंच नव्हतं, मुकादमाला तेवढा मुरूम लागलाच नाही. म्हणजे घराची एक बाजू गाळावर बसणार आणि दुसरी कठीण मुरमावर. अख्खं घर सारखं खचलं तर एकवेळ उभं राहतं. एक पाय चिखलात आणि एक दगडावर, मग माणूससुद्धा मोडतो. हे मला माहीत. मिस्त्रीला माहीत नाही. मि. ला माहीत नाही.
सांगितलं तर नकाशा पुन्हा, मंजुरी पुन्हा, पावसाळा तोंडावर. आणि ही आणखी एक पावसाळा त्या उतरत्या वाटेनं.
नाही सांगितलं तर ही आणि नाती त्या छपराखाली.

५ एप्रिल, शनिवार
सुभद्राला सांगितलं. भाकरी खाता खाता. टेकाडाचं, भरावाचं, मिस्त्रीशी खोटं बोललो ते पण.
ती म्हणाली, "मला काय सांगता? मी पाट्या टाकल्यात त्यात. दीड महिना."
खरंच की. मी मुकादमाच्या मागं हिंडत होतो. गाळाच्या पाट्या बायांनी वाहिल्या. ही त्यांच्यात होती.
"मंग तू बोलली न्हाईस?"
"म्हणलं बघू, तुम्ही कवा बोलता."
"आता तुलाच तरास हाय. सांगितलं तर वर्ष जाईल."
"जाऊ द्या. मी पडले तर एकलीच पडंन. घर पडलं तर?"
मग ताट उचलून ठेवायला मला सांगितलं.

१३ एप्रिल
मि. सहकुटुंब आला. उद्या जयंती. नातींनी निळ्या पताका लावल्या. सगळे आनंदात. आज नको. परवा सांगतो.

१५ एप्रिल, मंगळवार
काल मिरवणूक चांगली झाली. नाती ढोलापुढून हलायला तयार नव्हत्या.
आज सकाळी सगळ्यांना जीपवर सोडायला गेलो. पिशवी हातात. घरून निघताना ठरवलं, पाण्याच्या टाकीपाशी सांगतो. तिथं मि. ला फोन आला. मग ठरवलं, शाळेपाशी. तिथं गुरुजी भेटले. जीप भरली. सूनबाई, नाती आत बसल्या. मि. चा एक पाय पायरीवर. तेव्हा बोललो.
"मिलिंद, तो भराव मीच केलेला हाय. तू लहान असताना. आणि तो अर्ध्यातच हाय, अर्ध्यात मुरूम हाय. बीम टाकून भागणार न्हाई."
तो पायरीवर तसाच. "आत्ता सांगून राह्यले तुम्ही? जीपमधी बसताना?"
"आधी जमलं न्हाई."
"महिना होऊन गेला बाबा. मी नकाशा काढला, मंजुरी आणली, मिस्त्री ठरवला. महिनाभर तुम्ही..."
ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, बसायचं का उतरायचं?"
बसला. धाकटीनं हात हलवला. त्यानं मागं बघितलं नाही.

१८ एप्रिल
फोन नाही. मी केला, उचलला नाही. सूनबाईनं नंतर केला. "बाबा, ते रागात नाहीत, गप आहेत." माझ्या दृष्टीनं दोन्ही एकच.
सुभद्रा म्हणते, तुमचाच पोरगा आहे, गप बसणं कुणाकडून शिकला.

२० एप्रिल, रविवार
सकाळी मि. एकटा आला. हातात मोजायचा टेप. चहा घेतला नाही. म्हणाला, "चला, दाखवा कुठून कुठपर्यंत."
रानात गेलो. सुभद्रा म्हणाली मीही येते. प्लॅस्टिकची खुर्ची नेली, तिला बांधावर बसवलं. मी आठवून आठवून दगड ठेवत गेलो. एक रस्त्याकडं, एक वरच्या अंगाला, मग खालची बाजू. माझ्या दगडांप्रमाणं घर वीस फूट मागं सरकवलं की मुरमावर येत होतं. रस्त्यापासून फार लांब नाही. मि. चा चेहरा जरा निवळला.
"तो दगड चुकला," सुभद्रा खुर्चीतून.
मी म्हणालो, मला आठवतंय.
"तुम्ही मुकादमासंगं बिड्या ओढत होता. खड्डा हितपत्तर होता." काठीनं दाखवलं, माझ्या दगडापासून चांगली वीस पावलं पुढं. "ह्या बाभळीला झोळी होती मिलिंदची. खड्ड्याचा काठ झोळीपासून धा पावलं. त्याच्या म्होरं जाऊ देत नव्हते मी पाट्या टाकणारीला, पोराच्या डोळ्यात माती जाती म्हणून."
बाभळ कधीच तोडली. पण बांधात तिचं मूळ अजून फुटतं, दरसाल खुरपावं लागतं. तिथंच ती बसली होती.
मि. टेप हातात धरून उभा. "मी इथं होतो?"
"मंग कुठं ठिवणार होते तुला? रडला तर ऐकू याया पाह्यजे."
तो टेप गुंडाळत राहिला, मग पुन्हा सोडत राहिला. मग म्हणाला, दोघांच्याही जागेवर खड्डे घेऊ.
दुपारी जेवून गेला. तीन भाकरी खाल्ल्या.

२३ एप्रिल, बुधवार
मिस्त्री दोन माणसं घेऊन आला. त्याला सगळं सांगितलं, २ तारखेचं खोटंही. तो म्हणाला, "मेरे कू उसी दिन समजा था, चाचा. तुम्हारा मुँह उतर गया था." मग म्हणाला, बरं झालं बोललात, घर पडलं की नाव मिस्त्रीचंच होतं.
माझ्या दगडाजवळचा खड्डा: नऊ फूट गाळ. खाली बांगडीचा तुकडा, हिरव्या काचेचा.
सुभद्राच्या जागेपलीकडचा: हातभर काळी, मग पिवळा मुरूम. सब्बल मारली तर वाजते.
माझी आठवण चुकली. तिचं बरोबर. मि. ला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आईचं ऐकलं असतं सगळ्यांनी तर..." आणि वाक्य सोडून दिलं. आधीचे सगळे फोन धरून आज पहिल्यांदा त्यानं विचारलं, "गोळी घेतली का?"

२७ एप्रिल, रविवार
मि. नं नवा नकाशा काढला. घर रस्त्यापासून लांब, मागं, बांधाजवळ. गाडी दारात येणार नाही. त्याला रस्त्यावरचं घर हवं होतं. का हवं होतं तेही मला माहीत आहे. वाड्यातलं घर कुणाला दिसत नाही, रस्त्यावरचं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं.  
जमीन मजबूत मिळाली. आता झोपताना नवीन काळजी. शोषखड्डाही आता बांधाजवळ येणार, आणि बांधाच्या पलीकडं गणपतरावांची विहीर.

२८ एप्रिल
बांधापासून विहिरीपर्यंत पावलं मोजली. चौतीस. उतार सगळा त्यांच्याकडं. मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, पन्नास फूट सोडलं की चालतं, सगळे तसंच करतात.
सगळे करतात हे मला आता पुरत नाही.

३० एप्रिल, बुधवार
मुरमातल्या खड्ड्यात पाणी ओतलं. काठी उभी केली. पहिलं पाणी धरलं नाही. दुसरं ओतलं. चहा करून आणेपर्यंत काठीवर दोन खुणा उरल्या. तिसरं ओतलं, तेही गेलं. शोषखड्ड्याला याहून चांगली जमीन नाही. मिस्त्री खूश.
मी तिथंच बसून राहिलो. कोपऱ्यातलं पाणी जात नव्हतं, पण निदान दिसत होतं. हे गेलं. मुरमाच्या फटीफटीतून जातं, आणि खालच्या अंगाला विहीर. त्या विहिरीचं पाणी गणपतरावांचं घर पितं, त्यांचे सालदार पितात. गेल्या उन्हाळ्यापासून आमची पण घागर तिथूनच येते.
आईच्या वेळी त्या विहिरीला हात लावू देत नव्हते. वरून ओतायचे, ती खाली घागर धरायची. थेंब अंगावर उडू नये म्हणून लांब उभे राहून. मी तिचा पदर धरून असायचो. हे आज का आठवलं माहीत नाही. माहीत आहे, पण लिहिलं तर वेगळंच होईल.

२ मे
सुभद्राला सांगितलं, गणपतरावांशी बोलावं लागेल.
"चाळीस वर्सं गप बसणारा माणूस आता गावभर सांगत सुटलाय," ती म्हणाली.
"मंग काय करू? टाकी बांधून गप बसू?"
ती शेंगा फोडत होती. बराच वेळ फोडत राहिली. मग म्हणाली, "आत्याबाईंना विचारलं असतं तर त्या काय म्हणल्या असत्या?" आत्याबाई म्हणजे माझी आई.
मी म्हणालो, ती म्हणाली असती, बांध टाकी.
"न्हाई," ती म्हणाली. "त्यांनी ते पाणी प्यायलं होतं."

४ मे, रविवार
गेलो. गणपतराव विहिरीवरच होते, मोटारीपाशी. माझ्याच वयाचे. मी त्यांना अहो म्हणतो, ते मला अरे. लहानपणापासून तसंच, आता बदलून काय.
"काय भागाजी, घर लय मागं सरकवलं म्हणे. आमच्या डोक्यावर बसतो का काय?"
"तेच सांगाया आलो. माती तिकडं कच्ची निघाली."
"मला म्हाईत हाय ना. तुझं टेकाड मीच बघितलंय जाताना. आमचा आबा म्हणायचा, भागाजीनं सोनं इकून माती घेतली."
हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ऐकून घेतलं.
मग मी काठीचं सांगितलं. तिन्ही पाण्यांचं सांगितलं. म्हणालो, "हितं शोषखड्डा केला तर पाणी तुमच्या विहिरीकडं उतरंल. लगेच न्हाई. दोन-चार सालानं. पण उतरंल."
"मिस्त्री काय म्हणतो?"
"चालतंय म्हणतो."
"मंग?"
"मंग काय. मला चालंना."
ते विहिरीत बघत राहिले. पाणी खाली गेलंय, कडेचा मुरूम दिसतो, आपल्या बांधाकडच्या अंगाला ओला. त्यांनाही तो दिसला. बोटानं दाखवणार होते, हात खाली घेतला.
"तुझ्या आईला आमच्या आबानं हितं..." म्हणाले आणि थांबले.
मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या ते."
मोटार बंद केली त्यांनी.  मग म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो, तर तुला विचाराया आलो असतो का? काय सांगावं."
मी निघालो. मागून म्हणाले, विचार करू, दोघं मिळून. घाई करू नको. मी म्हणालो, घाई मला न्हाई, पावसाला हाय. आणि हिला.

७ मे
मिस्त्रीनं वाटा सांगितल्या. एक, टाकी बंद ठेवायची, शोषखड्डाच नाही, भरली की उपसायची गाडी बोलवायची. गाडी मागपर्यंत येणार कशी, काळ्या रानातून पावसात? रुतून बसेल. दोन, टाकी घराजवळ आणि पाणी नळीनं कोपऱ्यातल्या गाळात न्यायचं. पण कोपरा वर, घर खाली, पाणी चढणार नाही. आणि चढवलं तरी तिथं जिरत नाही. तीन, खोल खड्डा न करता बांधाच्या अलीकडं लांबट उथळ चर, हातभर काळीतच ठेवायचा, त्यावर कर्दळ, केळी. काळी थोडं धरेल, झाडं थोडं पितील, मुरमात कमी जाईल. तिसरं मला पटतं. पण पावसाळ्यात काळी फुगली की चर तुंबणार नाही कशावरून?
मिस्त्री म्हणाला, "चाचा, सौ टक्का कुछ नै रहता."
हे त्याचं पहिलं वाक्य ज्यात तो मला शहाणा वाटला.

९ मे, शुक्रवार
चराच्या जागी काळीत हातभर खणून पाणी ओतलं. पहिलं सोडून दिलं. दुसरं मोजतोय. सकाळपासून तीन बोटं. कोपऱ्यातल्यापेक्षा बरं, मुरमापेक्षा फार कमी. पुरेल का? घरात कायम दोन माणसं, सुट्टीत सहा. गणपतराव बांधावर येऊन बसले, काठीकडं बघत. "किती झालं?" दर थोड्या वेळानं. त्यांना माझी खोड लागली.
म्हणाले, चर तुझ्या हद्दीत पुरला नाही तर माझ्या बांधाचे दोन हात घे. लिहून द्यायला नको. मी म्हणालो, लिहूनच घेईन. ते हसले. "लय शिकला रे तू."

११ मे, रविवार
उद्या पौर्णिमा. सकाळी वंदना घेऊन पायाची पहिली कुदळ मारायची, मुरमावर. मि. सगळ्यांना घेऊन आला. चुन्याच्या फक्कीनं पायाच्या रेघा मारल्या. सुभद्रा खुर्चीत बसून सांगत होती आणि तो तिच्या म्हणण्याप्रमाणं दोरी ओढत होता. भिंतींची मला आता काळजी नाही. खरं तर थोडी आहे, पण ती कुठल्याही घराची असते.
काठी आजही बघितली. तीन बोटं, परवासारखीच. वाढली नाही, घटली नाही. पावसातली माती कशी वागेल ते उन्हाळ्यात कोण सांगणार.
सुभद्रानं विचारलं, "मंग पावसाच्या आत होतंय का न्हाई माझं?"
मि. नं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, भिंती होतील. टाकीचं बघून सांगतो.
"बघा," ती म्हणाली. "पण बघतच बसू नका."
ओट्यावर मि. नं नकाशा पसरला. टाकी आणि शोषखड्डा जिथं काढला होता तिथं खोडरबर फिरवलं. तिथला कागद जरा काळपट झाला. नवीन काही काढलं नाही. पेन्सिल माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "तुम्ही काढा बाबा. कवाबी काढा, पण सांगून काढा."
नाती भोवती बसल्यात, आजोबा काय काढतात ते बघायला. पेन्सिलीला टोक आहे. मी अजून रेघ मारलेली नाही.